कानस खाली ठेव म्हणणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते गाळलंय. पण आभार चारचौघांत मानायचे होते. मी जिथे अडकलो तिथेच उद्या आणखी कुणी अडकेल, आणि त्याच्याही हातात कानस असेल.

हो, कानसच. स्वतः घडवलेली माझी पहिली गिटार, त्यात दोन हंबकर (तारेची हालचाल चुंबकाने टिपणारे पिकअप) आणि ब्रिजच्या सहाही सॅडलमध्ये, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या तुकड्यांत, पिएझो (दाबाची वीज करणारे पिकअप). पिएझो पहिल्यांदा वाजवला तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. सर्वांत जाड तार छेडली तरी खर्जाचा पत्ता नाही. सॅडल नीट टेकत नसतील असं गृहीत धरून मी ती घासायला बसलो होतो. तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "पिएझो कशाला जोडलायस?" मी म्हटलं, हंबकरच्याच ५०० किलोओह्मच्या पॉटला (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरला). "मग सॅडल कशाला घासतोस? कानस खाली ठेव आणि कॅपॅसिटन्स मोज."

सहाही सॅडल मिळून मीटरवर साधारण १००० पिकोफॅरड आले. पिएझो म्हणजे विजेच्या दृष्टीने एक छोटा कॅपॅसिटर. त्याच्यापुढे ५०० किलोओह्म ठेवले की ३१८ हर्ट्झच्या खालचं सगळं गळायला लागतं, आणि जाड ई तारेचा मूळ स्वर तर ८२ हर्ट्झचा. तेच १० मेगाओह्मचा बफर (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट) लावला की ही सीमा १६ हर्ट्झवर उतरते. हा हिशोब तुम्ही माझ्याकडून कागदावर करून घेतलात. आयतं उत्तर दिलं असतंत तर मी ते दोन दिवसांत विसरलो असतो.

बफर बसला, पिएझो एकटा छान वाजायला लागला. हंबकर एकटा छान होताच. आणि ब्लेंडचा, म्हणजे दोन्ही आवाज मिसळायचा, नॉब मधोमध आणला की दोघं मिळून एकट्यापेक्षा बारीक! पोकळ, नाकातून गाणाऱ्यासारखा आवाज. त्या रात्री मी तुम्हाला किती वाजता फोन केला होता ते इथे लिहीत नाही.

तुम्ही शांतपणे सांगितलंत, जाड तार एकदाच छेड, दोन्ही आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घे आणि लहरी मोठ्या करून बघ. बघितलं. एकीचं टोक वर जात होतं तेव्हा दुसरीचं खाली. मी विजयी सुरात फेज उलटी असल्याचं, म्हणजे दोन्ही लहरी एकमेकींना खोडत असल्याचं, जाहीर केलं आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. तुम्ही थांबवलंत. "चित्रावर निकाल देऊ नकोस. हंबकर तारेचा वेग ऐकतो, पिएझो सॅडलवरचा दाब, आणि दोघांच्या जागाही वेगळ्या. लहरी तंतोतंत जुळणार नाहीत. उलटवून बघ आणि खर्ज परत येतो का ते कानाने ठरव."

उलटवायचं म्हणजे पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या, एवढंच मला माहीत होतं. माझ्या नेकच्या हंबकरला मात्र जुन्या धाटणीची जाळीची वायर, आत एकच तार आणि बाहेरची जाळी कव्हरला जोडलेली. ती उलटी जोडली असती तर धातूचं कव्हरच सिग्नलला लागलं असतं आणि हात लागताच गुरगुर. हे तुम्ही न बघता ओळखलंत. मग विचारलंत, "बोर्डवर टीएल०७४ आहे म्हणालास ना? चार खोल्यांचं घर आहे ते. एकीत पिएझो, एकीत हंबकर, एकीत दोघांची बेरीज. चौथीत कोण राहतं?"

कुणीच नाही. टीएल०७४ म्हणजे चार ऑपॲम्पची (सिग्नल वाढवणाऱ्या किंवा उलटवणाऱ्या सर्किटची) चिप, आणि त्यातला चौथा रिकामा होता. १० किलोओह्मचे दोन रेझिस्टर लावून पिएझो त्यातून उलटवला. नॉब मधोमध आणला, जाड तार छेडली, आणि मांडीवर टेकलेली लाकडी बॉडी आणि ॲम्प एकाच स्वरात बोलल्यासारखे वाटले. खर्ज हंबकरचा, तारेवरचा नखाचा स्पर्श पिएझोचा. मधल्या पट्टीतला थोडा फरक राहिला, तो राहणारच होता.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलेलं नाही. दोन्ही आवाज एकाच ॲम्पमध्ये पुरेत, असं तुमचं मत. पण डिस्टॉर्शन लावलं की पिएझो करवतीसारखा कापतो. म्हणून स्टीरिओ जॅक लावून टिपवर (प्लगच्या टोकावर) हंबकर आणि रिंगवर (त्यामागच्या कड्यावर) पिएझो वेगळे काढायची सोय ठेवली आहे. एरवी रिंगवरून बफरची बॅटरी चालू-बंद होते, ती वाट बंद झाली. त्यासाठी स्वतंत्र स्विच असलेला जॅक शोधावा लागला. तुम्ही "हौस दांडगी" म्हणालात, पण तो कसा जोडायचा तेही सांगितलंत.

या सगळ्यात तुम्ही माझी गिटार एकदाही हातात घेतली नाहीत, फक्त फोनवरून ऐकलीत. एकदा प्रत्यक्ष वाजवून बघाल का? नॉब मधोमध ठेवूनच आणीन.

आणि हो, तुम्ही बजावल्याप्रमाणे बॅटरीच्या झाकणावर पट्टी चिकटवली आहे: "वाजवून झालं? जॅक काढ." तरी परवा विसरलोच.

तुमचा,
कानसवाला