पान सातवं

वडगाव, बेळगाव

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

परवा तू चहा अर्धा टाकून पुण्याला गेलास. "पाठकोऱ्यावर लिहिणाऱ्याला कोण पगार देतं?" असं मी बोलायला नको होतं, तेही आक्काच्या सासरच्या माणसांसमोर. तूही हातातले ताव फेकलेस. असो. झोपेचं आज विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

कथा दिवाळी अंकाला पाठवणार आहेस, तर आधी सगळ्या पानांची झेरॉक्स काढ. टाईप युनिकोडमध्येच कर. जुन्या फाँटातला मजकूर बदलून घेतला की रफार जागा सोडतो, 'वर्ष'चं 'वषर्' होतं. 'दिन' आणि 'दीन' तर कॉम्प्युटर पकडतच नाही, दोन्ही शब्द खरेच आहेत की. म्हणून प्रिंट काढायची, दोन दिवस बाजूला ठेवायची, मग ओळीखाली पट्टी धरून वाचायची. लगेच वाचलं तर कागदावरचं दिसत नाही, डोक्यातलंच दिसतं. माणसांची नावं एकदा वेगळी तपास. तुझ्या गोष्टीतली मावशी तिसऱ्या पानावर मंदा आहे, अकराव्यावर नंदा झालीय. आणि वेळ लावू नकोस. गणपती येईस्तोवर अंकांची पानं लागत आलेली असतात.

हे सगळं सकाळी कर. जागरणाचे डोळे 'ध'चा 'घ' वाचतात. रात्री किती वाजता निजतोस? डॉक्टरांची गोळी चालू आहे ना? बघ, विचारलंच.

नववीत शाळेनं दाखला हातात दिला त्या रात्री तू घरी आला नाहीस. पहाटे कपिलेश्वराच्या तळ्याच्या पायरीवर सापडलास. खिशात प्रेसमधले वाया गेलेले ताव होते, एका बाजूला कुणाची तरी लग्नपत्रिका, मागं पेन्सिलीनं तुझं अक्षर. 'माग बंद पडले की गल्ली बहिरी होते.' तुला मारायला उचललेला हात खाली आला तो त्या ओळीनं. तेव्हा तुला हे सांगायला पाहिजे होतं. घरी आणून दूध-भाकरी दिली, बोललो काहीच नाही.

नोकरी सोडू नकोस. १९४६ साली नवरा गेल्यावर इंदिराबाई संतांनी याच गावात शिकवण्याची नोकरी करून मुलं वाढवली आणि कविताही लिहिल्या. पुढं १९८४ साली त्यांना साहित्य अकादमी मिळालं. लिहिणं आणि पगार, दोन्ही एका हातात... परत व्याख्यान झालं. राहू दे. माफ कर.

आक्कानं शेंगाचटणी पाठवलीय, डबा कोरडा ठेव. रात्री जाग आली तर मला फोन लाव, कितीही वाजू देत. मी जागाच असतो.

तू फेकलेले ताव गोळा करून क्रमानं लावलेत. तू पानांना आकडे घालत नाहीस, त्यामुळं वाक्यं जुळवत बसावं लागलं, दोन रात्री गेल्या. मावशी दार उघडते तिथं सहावं पान संपतं आणि आठव्यावर ती रडतेय. सातवं मिळत नाही. कॉटखाली पाहिलं, जिन्यातही पाहिलं. तुझ्या बॅगेत आहे काय?

तुझे
आप्पा