तरणतलावाला आधी पायऱ्या करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी एप्रिलात अंगणातल्या कूलरमध्ये पाणी भरताना पाय घसरला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. वय ६८. डॉक्टरांनी खुबा बदलला. आमच्या मोहल्ल्यात त्याला 'काकूंचा बॉल बदलला' म्हणतात. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

टाके निघाले, जखम पूर्ण कोरडी झाली, वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरू लागले. सातव्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, "आता पाण्यात चाला." छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचं सुमारे ७० टक्के वजन पाणी उचलतं. माझं वजन ६२ किलो, म्हणजे पायांवर उरतात जेमतेम १८-१९ किलो. कंबरेइतक्या पाण्यात निम्मं. पाण्याच्या दाबाने सूज उतरायला मदत होते, आणि पाय बाजूला नेताना पाणीच अडवतं, त्यामुळे घोट्याला वजन बांधावं लागत नाही. लंगडणं जायचं तर खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू बळकट व्हावे लागतात, त्यासाठी हा व्यायाम फार कामाचा.

घराजवळच्या महापालिकेच्या तरणतलावावर मुलगा चौकशीला गेला. त्यांनी अर्ज दिला. त्यासोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं, की अर्जदाराला कोणताही आजार नाही! ज्या डॉक्टरांनी हे प्रमाणपत्र द्यायचं, त्यांच्याच सल्ल्याने तर मी पाण्यात उतरणार होते. तरी मी हट्टाने पाहायला गेले. आत उतरायला स्टीलची सरळ उभी शिडी, दुसरं काही नाही. खुबा बदललेल्या माणसाला सुरुवातीचे काही आठवडे कंबरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नसतं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. त्या शिडीवर गुडघा पोटाशी घेतल्याशिवाय बाहेरच येता येत नाही. तिथला पोरगा भला होता. म्हणाला, "काकू, आम्ही दोघं जण उचलून घेऊ ना." नको रे बाबा.

शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खासगी तलाव मिळाला, रुंद पायऱ्या आणि कठडा असलेला. ऑटोची सीट खोलगट, म्हणून घडी घातलेली चादर खाली घेऊन जायचे. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल वेगळं पत्र लिहीन. पहिल्या दिवशी वॉकर काठावर ठेवला, त्याच्या दांडीवर टॉवेल टाकला आणि ताईंचा हात धरून चार पायऱ्या उतरले. मग हातही सोडला. पुढे दहा पावलं, मागे दहा, मग खेकड्यासारखं आडवं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी कशालाही न धरता चालत होते. परत येताना मात्र पायरीगणिक वजन अंगावर चढत जातं, शेवटच्या पायरीवर तर कोणी पोतं ठेवल्यासारखं वाटलं.

पाण्याने जादू होते असं मी म्हणत नाही. जमिनीवरचे व्यायाम करावेच लागतात आणि ते मी रोज कुरकुरत केले. जखम ओली असेल, हृदयाचा त्रास आटोक्यात नसेल, तर पाण्यात उतरायचंच नाही. पण दुखण्याच्या भीतीने पाऊलच न टाकणाऱ्याला पाणी धीर देतं.

हा फक्त म्हाताऱ्यांचा प्रश्न आहे असं मलाही वाटायचं. फिजिओथेरपीच्या बाकावर माझ्या शेजारी पंचविशीतला एक मुलगा बसायचा, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण. या आजारात काहींच्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि गोळा सुकत जातो, त्यामुळे ऐन तारुण्यात खुबा बदलायची पाळी येऊ शकते. विदर्भात सिकलसेल किती आहे हे मेडिकल आणि मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांना ठाऊक आहे. अशा मुलांना गार पाणी बाधतं, कळा सुरू होऊ शकतात. उपचाराचं पाणी साधारण ३३ ते ३५ अंश हवं. नागपूरच्या उन्हात, जिथे घराघरावर सोलर आहेत, एक छोटं टाकं कोमट ठेवणं इतकं अवघड आहे का?

महापालिकेकडे माझं मागणं मोठं नाही. यापुढे जो तलाव दुरुस्तीला निघेल, त्याच्या उथळ बाजूला रुंद पायऱ्या आणि दोन्हीकडे कठडे करावेत. सकाळची पोरांची गर्दी ओसरली की एक तास रुग्णांसाठी ठेवावा, त्या वेळी एक महिला मदतनीस असावी. आणि अर्जात जिथे 'कोणताही आजार नाही' असं लिहून मागतात, तिथे 'असल्यास कोणता, व डॉक्टरांचा सल्ला काय' एवढी ओळ छापावी. छपाईचा खर्च हवा तर मी देते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
मानेवाडा, नागपूर