ओव्हनच्या आधी तवा

परभणी,
15 डिसेंबर 2024

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. जानेवारीपासून तू नांदेडात भाड्याच्या खोलीत राहायला जाणार, मेसचा डबा बंद करून स्वतः रांधून खाणार आणि शिष्यवृत्ती हाती येताच पहिल्यांदा विजेचा ओव्हन घेणार, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. ओव्हनच्या बाबतीत मात्र तू थोडे थांबावेस असे मला वाटते, आणि ते का, हे नीट सांगण्यासाठीच आजची रविवारची दुपार मी या पत्राला दिली आहे.

आधी तवा घे. जाड बुडाचा, लोखंडी, भाकरीचा तवा. त्याच्यासोबत एक मोठी परात आणि जड बुडाची, घट्ट झाकणाची कढई घे. पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एकाच बर्नरची शेगडी असली तरी या तीन वस्तूंवर वर्षभराचा स्वयंपाक होतो, आणि तुला ज्याची एवढी ओढ आहे तो केकही होतो.

गेल्या वर्षी मी खोली घेतली तेव्हा पहिले दोन महिने माझी एकही भाकरी अखंड उतरली नाही. परातीशेजारी फोन ठेवून मी आईला विचारत विचारत थापत असे. कडा फाटत, उचलताना मधोमध चीर पडे आणि तव्यावर जाईपर्यंत तिचे दोन तुकडे झालेले असत. मी पाण्याचे प्रमाण बदलले, मळण्याचा वेळ वाढवला, पण काही केल्या जमेना. शेवटी आईने एकच प्रश्न विचारला, "पीठ कधीचं आहे?" ते दुकानातून आणलेल्या पाकिटातले होते आणि कित्येक आठवडे तसेच पडलेले असावे. आई म्हणाली, "त्याची विरी गेली रे. ज्वारी ने, गिरणीत दळून आण, आठ दिवसांपुरतीच." त्या संध्याकाळी ताज्या पिठाची भाकरी परातीत फिरली तेव्हा मला जो आनंद झाला, तो मी कोणत्याही परीक्षेच्या निकालाच्या दिवशी अनुभवलेला नाही.

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. तो कशावर अवलंबून असतो, हे नंतर इथल्या कृषी विद्यापीठाच्या वर्गात मला थोडे उमगले. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळले की ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते आणि म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ते जाळे बनतच नाही. तिला धरून ठेवण्याचे काम पिठातल्या स्टार्चला करावे लागते, आणि स्टार्च चिकट होण्यासाठी उष्णता लागते, साधारण 70 अंशांच्या आसपास. आपल्या आया पिठात आधणाचे पाणी ओतून आधी उकड काढतात आणि मग मळतात, त्याचे कारण हेच. हे कारण त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या तळहातांना ते ठाऊक होते. तूही पिठाच्या मधोमध आळे करून उकळते पाणी ओत, उलथन्याने कालव, हाताला सोसेल इतके निवले की तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळ. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला लगेच पाणी फिरव आणि ते सुकण्याच्या आत उलट. पाणी पूर्ण वाळू दिलेस तर भाकरीला भेगा पडतील आणि ती फुगणार नाही.

ज्वारी कोणती घ्यावी असे तू विचारशील. घरची मालदांडी असेल तर दुसरीकडे पाहू नकोस. आमच्या विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साहाय्याने 2018 साली 'परभणी शक्ती' हे वाण दिले आहे. त्यात लोह आणि जस्त अधिक आहे, त्यामुळे मेसच्या जेवणावर वाढणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते मिळेल तेव्हा अवश्य आणावे.

आता केकविषयी. लहानपणी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून आपण बेकरीच्या भट्टीवर नानकटाई करून आणायला जात असू, हे तुला आठवत असेल. तासन्‌तास रांगेत बसून तो वास घेण्यासाठीच आपण हट्टाने सोबत जात असू. भाजण्याची माझी ओढ तिथूनच आली. इथे भट्टी नाही, म्हणून मी कढईच्या तळाशी दोन वाट्या जाडे मीठ पसरतो, त्यावर स्टँड ठेवतो, झाकण लावून दहा मिनिटे तापवतो आणि मग केकचे भांडे आत ठेवून मंद आचेवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे झाकण न उघडता राहू देतो.

माझा पहिला केक निव्वळ ज्वारीचा होता. सुरी लावताच त्याची वाळूसारखी भुगी झाली आणि मी तो दुधात कालवून खाल्ला. दोन दिवस त्याचाच विचार करत होतो, आणि मग भाकरी मळताना एकाएकी लक्षात आले की जी अडचण भाकरीची तीच केकची, तेव्हा उपायही तोच असला पाहिजे. पुढच्या वेळी मी एक वाटी ज्वारीच्या पिठातले दोन चमचे पीठ पाऊण वाटी दुधात शिजवून त्याची खिरीसारखी उकड केली आणि ती निवल्यावर उरलेल्या पिठात घातली. सोबत अर्धी वाटी चाळलेली कणीक, पाऊण वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी आंबट दही आणि पाव वाटी तेल घेतले. हे मिश्रण वीस मिनिटे झाकून ठेवले, कारण ज्वारी पाणी सावकाश पिते आणि घाई केली तर दाताखाली कणी लागते. अगदी शेवटी, कढई तापल्यावर, एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घातला. दह्याच्या आंबटपणाला सोडा भेटताच बुडबुडे सुटू लागतात, म्हणून त्यानंतर क्षणभरही थांबू नये. तो केक अखंड निघाला. मऊ होता, त्याचे सरळ तुकडे पडले, आणि गुळामुळे त्याला तांबूस रंग आला होता. शेजारच्या खोलीतली मुले तर नुसत्या वासावरून दारात आली.

म्हणून सांगतो, ओव्हनने हे मला शिकवले नसते. आधी हाताला पीठ कळू दे, मग खुशाल ओव्हन घे. तेव्हा मीच तुझ्यासोबत बाजारात येईन.

रोजच्या जेवणाची फार चिंता करू नकोस. काकूंकडून येसराचा, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाचा, एक डबा भरून ने. फोडणीत पाणी ओतून त्याला उकळी आली की येसर कालवायचे, पंधरा मिनिटांत आमटी तयार होते. सकाळी घाई असेल तेव्हा मुरमुरे भिजवून सुशीला कर. यीस्टचा पाव मात्र उन्हाळ्यात करायचा झाल्यास थंड पाण्यात पीठ भिजव, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात ते तासाभरातच फुगून आंबट होते.

या 30 तारखेला वेळ अमावास्या, आपला शेतात जाऊन पूजा-जेवण करण्याचा सण, आहे. आमच्या लातूरकडच्या शेतात भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असे सगळे होणारच आहे. तू आदल्या रात्रीच लातूरला उतर, मी बसस्थानकावर येतो. येताना तुझी कढई घेऊन ये. शेतातल्या चुलीच्या आरावर तिच्यात तोच केक भाजून पाहायचा आहे, वरच्या झाकणावरही निखारे ठेवून.

काकूंना आणि काकांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
बाळमित्र