कॅन्सरची ट्रीटमेंट संपली, पण आपल्या सात जणांचं दुखणं नाही संपलं

गावातल्या अन् पुण्या-नागपूरला नोकरीला गेलेल्या सगळ्यांना नमस्कार. आपल्या महिला ग्रामसंघाकडून लिहितोय, मेसेज लांब आहे पण पूर्ण वाचा.

आपल्या अन् बाजूच्या दोन गावांत मिळून कॅन्सरमधून उठलेले सात जण आहेत, चार बाया अन् तीन माणसं. ऑपरेशन, केमो, रेडिएशन महात्मा फुले योजनेत झालं, वरच्या खर्चाला तेव्हा गावानं वर्गणी केली, वावरातली कामंही उरकून दिली. मग रिपोर्ट चांगला आला अन् सगळ्यांना वाटलं, सुटले एकदाचे. पण तसं नाही हो.

आपल्या एका काकूच्या छातीच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या, त्यामुळे त्या हातातलं पाणी वर चढत नाही अन् हात सुजतो, संध्याकाळी बांगडीसुद्धा चढत नाही. त्या हाताला साधं खरचटलं तरी लाल होऊन ताप भरतो आणि ती जाते पऱ्हाटीत कापूस वेचायला, तिथं बोंडाची टोकं बोटात घुसणारच ना! गेल्या हंगामात दोनदा ॲडमिट झाली. तिला हाताच्या मापाची घट्ट बाही लागते, ती रोज घालून सहा-आठ महिन्यांत सैल पडते. काकू दोन वर्षांपासून तीच घालते, कारण आधी बियाणं, मग पोरीची फी, बाहीचा नंबर येतच नाही.

तोंडाच्या कॅन्सरवाल्या दोघांचं तोंड जेमतेम एक बोट उघडते. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातात धरायचा व्यायाम सांगितला होता, दुखते म्हणून सोडला अन् तोंड परत आवळलं. लाळ सुकली, ज्वारीची भाकर वरणात कुस्करल्याशिवाय उतरत नाही. त्यातल्या एकाला घरचे आळशी झाला म्हणत होते, दिवसभर पडून राहायचा. रक्त तपासलं तर थायरॉईड कमी निघालं, मानेला रेडिएशन दिल्यावर असं बऱ्याच जणांना होते. रोजच्या एका गोळीचं काम होतं अन् त्या माणसानं वर्षभर बोलणी खाल्ली, याचं आम्हाला फार वाईट वाटते.

अन् भीती तर सगळ्यांनाच. चेकअपची तारीख जवळ आली की आठ-आठ दिवस झोप नाही. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे पण सोबत यायचं म्हणजे एकाची मजुरी बुडते, म्हणून तारीख चुकवतात.

आम्हाला बाह्या घ्यायच्या आहेत, वेचणीच्या आधी चांगले हातमोजे, थायरॉईडच्या तपासण्या अन् नागपूरचं येणंजाणं. 50 रुपये दिले तरी चालते. खातं ग्रामसंघाचं आहे, नंबर ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावलाय, प्रत्येक बिल तिथंच लावू. पैसे नसतील तर एक दिवस सोबत जा. शेतमालकांना हात जोडून विनंती, काकूला वेचणीऐवजी बसून करायचं काम द्या, मजुरी तीच ठेवा. पोरांनो, त्या तोंडाच्या कॅन्सरवाल्या दोघांसमोर खर्रा (सुपारी-तंबाखू) घोटू नका, तो सोडताना त्यांना किती त्रास झाला ते आम्ही पाहिलंय.

पोळा झाला की पुढच्या आठवड्यात तिघांना चेकअपला जायचंय. सोबत जायला आतापर्यंत एकच जण तयार आहे, अजून दोघं पाहिजेत.