रहस्यकथेला सूट, डार्क रोमान्सला फटके

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत नव्या इंग्रजी कादंबऱ्यांवर आलेल्या लेखाने थ्रिलर आणि डार्क रोमान्स (पाठलाग, अपहरण, जबरदस्ती यांच्या सावटाखालची प्रेमकथा) यांची एकत्र मोट बांधली आहे. पहिल्याला ‘खिळवून ठेवणारे’ आणि दुसऱ्याला ‘विकृत’ अशी प्रमाणपत्रेही देऊन टाकली आहेत. दोन्ही प्रकार नियमाने वाचणाऱ्याला हा निवाडा पटण्यासारखा नाही. डार्क रोमान्स आत काय वाढून ठेवले आहे ते बहुधा पहिल्याच पानावर सांगून मोकळा होतो. थ्रिलरचा धंदाच वाचकाला फसवण्याचा. त्यामुळे ती फसवणूक नियमात बसते की नाही, हे तपासणे समीक्षकाचे काम असते. लेखात नेमके तेच राहून गेले आहे.

हे नियम जुनेच आहेत. रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक पाद्र्याने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहून काढले. हाती लागलेला धागा गुप्तहेराने वाचकापासून लपवायचा नाही आणि जुळी भावंडे आयत्या वेळी आणायची नाहीत, हे त्यातलेच. त्याच्या तीन वर्षे आधी अगाथा ख्रिस्तीने निवेदकालाच खुनी करून दाखवले होते, तरी ती कादंबरी आजही प्रामाणिक मानली जाते. (नाव मुद्दाम लिहीत नाही, अजून न वाचलेले लोक असतात.) पत्र आले तेव्हा नऊला वीस मिनिटे होती आणि मी निघालो तेव्हा नऊला दहा, असे निवेदक सांगतो. मधल्या दहा मिनिटांत काय झाले, ते सांगत नाही. वेळ मात्र छापलेली आहे. वाचकाने वजाबाकी केली नाही, तर तो दोष लेखिकेचा नव्हे.

आताच्या थ्रिलरमध्ये घोळ होतो तो इथेच. निवेदन प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळी, म्हणजे आपण थेट पात्राच्या डोक्यात बसलेलो. अशा वेळी ‘हे कोणी केले असेल?’ असे निवेदन करणारी नायिका तिसाव्या पानावर मनाशी म्हणते आणि तीनशेव्या पानावर तिनेच केलेले निघते. लोकांशी खोटे बोलणारे पात्र चालते, डायरीत खोटे लिहिणारेही चालते, कारण डायरी कोणी तरी वाचेल हा हेतू असू शकतो. एकट्याने, मनातल्या मनात, केवळ वाचकासाठी खोटे बोलणारे पात्र चालत नाही. तपासणी सोपी आहे: पुस्तक संपल्यावर पहिली तीन प्रकरणे पुन्हा वाचावीत. निवेदकाच्या संशयास्पद वाक्यांना आता दुसरा अर्थ लागला पाहिजे. तो लागत नसेल आणि वाक्य केवळ दिशाभूल करण्यासाठीच टाकलेले दिसत असेल, तर ट्विस्ट नापास.

फ्रीडा मॅकफॅडन यांची 2022 ची ‘द हाउसमेड’ या कसोटीवर बऱ्यापैकी उतरते. भाषा साधी, प्रसंगी बाळबोध. पण मांडणी चोख. पहिला भाग मोलकरीण मिली सांगते आणि पुढे निवेदन घराच्या मालकिणीकडे जाते. घरातले रहस्य मिलीने दडवलेले नसते, तिला ते ठाऊकच नसते. शिवाय पोटमाळ्यावरच्या तिच्या खोलीचे कुलूप बाहेरून लागते आणि खिडकी उघडत नाही, हे आपल्याला सुरुवातीलाच दाखवून दिलेले असते. पुढचे सगळे त्या दारावरच तोललेले आहे. या लेखिकेच्या वाटेने जाणाऱ्यांनी मात्र तिची लहान प्रकरणे आणि प्रकरणाअखेरचा झटका तेवढा उचलला. कुलूप कोणी उचलले नाही.

बाकीचे दोष पटकन सांगता येतील. दारू, औषध किंवा अपघात यांमुळे गेलेली स्मृती कथानकाला गरज पडेल तेव्हाच परत येते. पोलिसांना सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) आणि सीसीटीव्ही ही काय चीज आहे हे माहीतच नसते. आणि उपसंहाराच्या शेवटच्या दोन पानांत आणखी एक उलटापालट असते, जिचा एकही धागा आधी पेरलेला नसतो. या शेवटच्या प्रकाराला तर समीक्षक हमखास दाद देतात!

आता डार्क रोमान्स. मालकाने मोलकरणीला पळवून नेऊन डांबून ठेवायचे आणि शेवटी तिच्याशी लग्न करायचे, हे कथानक सॅम्युएल रिचर्डसनच्या 1740 मधील ‘पामेला’चे आहे, आणि तिची तर चर्चच्या व्यासपीठावरून शिफारस झाली होती. तेव्हा ‘आजच्या पिढीची विकृती’ हे लेखातले विधान पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी उशिरा आले आहे. नवे आहे ते ट्रिगर वॉर्निंगचे, म्हणजे त्रासदायक मजकुराचा आधीच इशारा देणारे पान. पाठलाग, अपहरण, संमतीविना संबंध, आत्मघात, प्राण्यांवरील क्रौर्य अशी यादी तिथे असते. चांगल्या लेखिका ती नेमकी देतात. काही जणी ‘हे पुस्तक काळोखे आहे’ एवढ्यावर भागवतात किंवा संकेतस्थळावर पाठवतात. अशा यादीचा उपयोग शून्य. हे पान म्हणजे वाचकाशी केलेला पहिला करार. दुसरा करार शेवटाचा. नायक-नायिका अखेरीस एकत्र आणि सुखात, याला वाचक ‘एचईए’ (हॅपिली एव्हर आफ्टर) म्हणतात. तो नसेल, तर पुस्तक कितीही प्रेमाचे असो, रोमान्स नव्हे.

या प्रकाराला बोल लावायचाच तर कारागिरीवरून लावावा. एच. डी. कार्लटन यांची 2021 ची ‘हॉन्टिंग ॲडलीन’ घ्या. नायिकेच्या घरात चोरून शिरणारा, गुलाब ठेवून जाणारा नायक प्रत्यक्षात आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली येईल. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. वाचणाऱ्या मुलींना हे कळत नाही असे समजणे हा त्यांचा अपमान आहे. माझा आक्षेप वेगळा. नायक सहन व्हावा म्हणून त्याच्यासमोर लहान मुलांचा व्यापार करणारी टोळी उभी केली आहे. मोठ्या राक्षसाशेजारी छोटा राक्षस सभ्य दिसतो, एवढाच तो हिशेब. कायदा गुंडाळून ठेवून दुष्टांना धडा शिकवणारा नायक मराठी वाचकाला बाबूराव अर्णाळकरांच्या काळ्या पहाडापासून परिचयाचा आहे, तेव्हा त्याचे अप्रूप नाही. नायिकेच्या मनात भीतीचे आकर्षण कसे होते, हे पायरीपायरीने दाखवणे खरे अवघड काम. तिथे पुस्तक घाईत आहे. त्यात भर म्हणजे शेवट ऐन संकटात तोडला असून सुखान्तासाठी 2022 चा दुसरा भाग विकत घ्यावा लागतो.

पुस्तके अशी फुगतात आणि तुटतात, यामागे पैशाचेही कारण आहे. डार्क रोमान्सच्या अनेक लेखिका आधी स्वतःच पुस्तक प्रकाशित करतात आणि किंडल अनलिमिटेड या ॲमेझॉनच्या वर्गणीवर ई-पुस्तके वाचायला देणाऱ्या योजनेत ठेवतात. तिथे जुलै 2015 पासून मोबदला वाचल्या गेलेल्या पानांवर मिळतो, पानामागे साधारण अर्धा अमेरिकी सेंट किंवा त्याहूनही कमी. दोनशे पानांची गोष्ट पाचशे पानांची करावी आणि वाचकाला पुढच्या भागात ढकलावे, हे ओघाने आलेच. तीनशे पानांच्या आसपास दोन कुटुंबांचे वैर किंवा नवा खलनायक अचानक उगवला, तर समजावे की मीटर चालू आहे.

पालकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. रील्सवर पुस्तकाला मिरच्या देतात, त्याला ‘स्पाइस’ म्हणतात. या मिरच्या शृंगाराच्या आहेत, काळोखाच्या नाहीत. चार मिरच्यांची कादंबरी दोन समजूतदार प्रौढांची गोड गोष्ट असू शकते आणि एका मिरचीच्या कादंबरीत अपहरण आणि छळ असू शकतो. मुखपृष्ठावरही जाऊ नये. बऱ्याचदा नुसती फुले आणि सोनेरी अक्षरे असतात, आणि दुकानात ही पुस्तके किशोरांच्या शेल्फला खेटून ठेवलेली दिसतात. ई-पुस्तकाचा नमुना फुकट उतरवता येतो. इशाऱ्याचे पान सुरुवातीलाच असल्याने ते बहुधा त्यात सापडते. दोन मिनिटांचे काम आहे. पदपथावर शंभर-दीडशेला मिळणाऱ्या चोरट्या प्रतींत पाने गळालेली असू शकतात, त्यामुळे इशारा दिसला नाही म्हणजे तो मुळात नव्हताच असे धरू नये.

वाचनालयांनी ही पुस्तके काढून टाकण्याचे कारण नाही. एका कार्डावर घरातले सगळे पुस्तके नेतात, म्हणून तारीख मारण्याच्या चिठ्ठीजवळ ‘प्रौढांसाठी’ असा शिक्का आणि इशाऱ्यांची यादी मराठीत चिकटवली तरी पुरे. आणि थ्रिलरनाही हा शिक्का लागू करावा. मुलांवरील अत्याचाराचे वर्णन कित्येक गाजलेल्या थ्रिलरमध्ये एका शब्दाच्याही इशाऱ्याविना येते.

आपल्या पुरवणीकडे मागणी छोटी आहे. परीक्षणाखाली पानसंख्या आणि किंमत छापताच. त्याच चौकटीत निवेदन कोणाचे, इशारे कोणते आणि गोष्ट याच भागात संपते की नाही, एवढे आणखी छापावे. ट्विस्ट फोडू नये, पण परीक्षकाने पहिली तीन प्रकरणे पुन्हा वाचली होती का, हे मात्र जरूर लिहावे.

कळावे,
एक वाचक, डोंबिवली