उतारावरचा स्केटबोर्ड : नट आवळून भागणार नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात काही दिवसांपूर्वी एका पालकांनी छत्रपती संभाजीनगरच्या उताराच्या रस्त्यांवर स्केटबोर्ड घेऊन सुटणाऱ्या मुलांबद्दल काळजी व्यक्त केली होती आणि या खेळावर सरसकट बंदी घालावी, असे सुचवले होते. त्यांची काळजी मला पटते, त्यांनी सुचवलेला उपाय पटत नाही. उमेदीची वर्षे वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममध्ये घालवली असल्याने आणि घरातल्या पुढच्या पिढीच्या नादाने हे बोर्ड उघडण्या-जोडण्याची सवय लागल्याने, या प्रश्नाची एक बाजू मांडण्याचे धाडस करतो. उतारावर बोर्ड लटपटून मुलगा पडला की दोष त्याच्या धिटाईला किंवा वेगाला दिला जातो. बोर्डाखाली बसवलेला ट्रक त्या कामासाठी घडवलेला होता का, हे मात्र कोणी वाकून पाहत नाही.

ट्रक म्हणजे फळी आणि चाके यांना जोडणारा धातूचा भाग. फळीला चार बोल्टांनी घट्ट बसते ती बेसप्लेट. जिच्यातून ॲक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, जातो ती हँगर. दोघींना एकत्र धरणारा जाड बोल्ट म्हणजे किंगपिन. आणि त्या किंगपिनवर हँगरच्या दोन्ही बाजूंना दाबून बसवलेले युरेथेनचे, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचे, दोन बुश. स्वार एका बाजूला झुकला की बुश दबतात, हँगर फिरते आणि ॲक्सल वळतो. स्केटबोर्डला याखेरीज दुसरे सुकाणू नाही, त्यामुळे झुकणे आणि वळणे यांचे प्रमाण किती असावे, हाच ट्रकच्या निवडीतला मूळ प्रश्न ठरतो.

आपल्याकडे दुकानात सहज मिळणारा बोर्ड हा उड्या आणि कसरतींचा असतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, स्केटबोर्डिंगचा समावेश झाला तो स्ट्रीट आणि पार्क या दोनच प्रकारांत, त्यामुळे मुलांच्या नजरेसमोर तेच बोर्ड आले. या बोर्डांच्या ट्रकमध्ये किंगपिन फळीच्या मधल्या बाजूला कललेली असते, आणि चाके सुमारे ५२ मिलिमीटर व्यासाची, जवळजवळ दगडासारखी कडक असतात. गुळगुळीत काँक्रीटवर हे उत्तम चालते. उतारासाठी मात्र वेगळ्या रचनेचा ट्रक लागतो. त्यात किंगपिन बाहेरच्या बाजूला, म्हणजे बोर्डाच्या नाकाकडे आणि शेपटीकडे, कललेली असते. त्याला रिव्हर्स किंगपिन म्हणतात. त्याचे वळण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखे वाढत जाते, मध्येच झटका देत नाही, म्हणून लाँगबोर्ड (लांब फळीचा बोर्ड), डाउनहिल (उतारावरून वेगाने उतरणे) आणि बऱ्याच अंशी स्लॅलम (मांडलेल्या शंकूंमधून नागमोडी जाणे), या सर्व प्रकारांत तोच रूढ आहे.

आता कोनाबद्दल, कारण सर्वांत जास्त गैरसमज येथे आहेत. बेसप्लेटवर ५०, ४५, ३० असे जे अंश सांगितलेले असतात, ते हँगर ज्या तिरप्या रेषेभोवती फिरते त्या रेषेचे असतात. फळी १० अंश झुकली, तर ५० अंशांच्या बेसप्लेटवर ॲक्सल जवळजवळ १२ अंश वळतो. ४५ अंशांवर झुकणे आणि वळणे साधारण सारखे राहते. ३० अंशांवर वळण ६ अंशांपेक्षा कमी होते आणि २० अंशांवर ते साडेतीन अंशांच्या आसपास उरते. गल्लीतून फिरायला ५० अंश सुखद वाटतात, कारण बोर्ड पायाच्या इशाऱ्यावर वळतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने उतरताना हीच तत्परता जिवावर येते. पायाच्या घोट्यातली बारीकशी थरथरसुद्धा ॲक्सलपर्यंत पोहोचते, स्वार ती सावरायला जातो, त्याची सावरणी क्षणभर उशिरा पडते आणि पुढचा हेलकावा आधीपेक्षा मोठा होतो. यालाच स्पीड वॉबल म्हणतात. २०१७ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात पीटर कॉनोली या स्वाराने ताशी १४६.७३ किलोमीटरचा विक्रम नोंदवला. असे स्वार थरथर अंगात जिरवतात हे खरे, पण ती मुळात कमी उठावी अशी त्यांच्या ट्रकची जुळणीही असते.

या लटपटीवर आपल्या मुलांकडे एकच औषध आहे, ते म्हणजे पाना घेऊन किंगपिनचा नट आवळणे. माझ्या मते सगळी चूक येथेच होते. नट आवळल्याने कोन बदलत नाही. फक्त बुश आधीच दाबले जातात. दाबलेला बुश मध्यभागी मऊपणे परत येण्याऐवजी प्रथम अडून बसतो आणि जोर वाढला की एकदम सुटतो. बोर्ड सावकाश चालवताना कडक, म्हणून सुरक्षित वाटतो, आणि वेगात वळायची वेळ आली की वळतच नाही. शिवाय बुश फुगून त्यांच्या कडा फाटतात आणि किंगपिनवर सतत ताण राहतो, तो वेगळाच. नट इतकाच असावा की बुशच्या वरचा आणि खालचा वॉशर हाताने सैल फिरू नये. फार तर त्यापुढे एखादा फेरा. तेवढ्याने भागत नसेल, तर बुश कमी कठीण आहेत असे समजून ते बदलावेत.

बुशचा कठीणपणा शोअर ए या मापात देतात; आकडा जितका मोठा, तितका बुश कडक. बाजारात साधारण ७८ ए पासून ९७ ए पर्यंत ते मिळतात. निवड स्वाराच्या वजनावर व्हावी, वयावर किंवा हौसेवर नव्हे. पन्नास-साठ किलोच्या मुलाने ८५ किंवा ८७ ए पासून सुरुवात करावी, ऐंशी किलोच्या माणसाने ९० च्या पुढूनच. आकारही पाहावा. शंकूच्या आकाराचा बुश झुकायला मोकळीक देतो, पिंपासारखा सरळ बुश मध्यापासूनच विरोध करतो, आणि ज्याला पायरी काढलेली असते तो हँगरच्या खोबणीत घट्ट बसून शेवटी जास्त अडवतो. फळीच्या बाजूचा बुश अधिक काम करतो, म्हणून डाउनहिलसाठी तो सरळ पिंपाच्या आकाराचा ठेवावा; रस्त्याच्या बाजूला शंकू चालतो, जड स्वाराने मात्र दोन्हीकडे पिंपच घालावे. मुले वेगाच्या हव्यासाने बाजारातले सर्वांत कडक बुश घालतात. त्यांच्या वजनाने ते दबतच नाहीत, आणि न झुकणारा बोर्ड वळणावर सरळ दुभाजकाकडे जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढचा आणि मागचा ट्रक सारखाच असला पाहिजे, हा समज. दुकानातून जोडी मिळते म्हणून तो रूढ झाला असावा. प्रत्यक्षात सुकाणू पुढे हवे आणि मागचे टोक निमूट मागोमाग यायला हवे. मागचा ट्रक पुढच्याइतकाच वळू लागला की शेपटी बाहेर फेकली जाते आणि लटपट तेथूनच वाढते. म्हणून डाउनहिलचे अनुभवी स्वार पुढे ४५-५० अंश आणि मागे २०-३० अंश अशी विषम जुळणी करतात, मागचे बुश पुढच्याइतकेच किंवा थोडे कठीण ठेवतात आणि शरीराचे बहुतेक वजन पुढच्या पायावर घेतात. वजन मागच्या पायावर रेलले, की कितीही महाग ट्रक असो, तो लटपटणारच. घाबरलेला माणूस नेमका मागेच रेलतो, ही यातली अडचण आहे.

कोन बदलण्यासाठी नवा ट्रकच घ्यावा लागतो असे नाही. फळी आणि बेसप्लेट यांच्यामध्ये तिरपी पाचर बसवूनही तो बदलता येतो. आपल्या लाकडी नांगराची पाचर थोडी ठोकली किंवा सैल केली की फाळ खोल जायचा की उथळ, हे ठरते. येथेही पाच-दहा अंशांची पाचर तेच काम करते. पुढे कोन वाढवायचा आणि मागे कमी करायचा, असे दोन्ही तिने साधते. मात्र जाड बाजू उलटी लागली तर परिणामही नेमका उलटा होतो, आणि पाचरीच्या जाडीइतके लांब बोल्ट घेतले नाहीत तर नट पुरता धरत नाही. या पाचरी नायलॉनच्या ठोकळ्यातून कापणे हे वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कोणत्याही लहान वर्कशॉपला अर्ध्या दिवसाचे काम आहे. वाहनांसाठी पॉलियुरेथेनचे बुश ओतणाऱ्यांनाही स्केटबोर्डचे बुश अवघड जाऊ नयेत. परदेशातून पाचरी-बुशांची डबी मागवण्यापेक्षा हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

स्लॅलमबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते आपल्या मुलांनी डाउनहिलच्या आधी स्लॅलमच शिकावे. १९७० च्या दशकात युरेथेनची चाके आली आणि कॅलिफोर्नियात स्लॅलमच्या शर्यती भरात आल्या. १९७५ च्या डेल मार येथील स्पर्धेतही स्लॅलम होते. हलक्या उतारावर शंकू मांडायचे, घट्ट मांडणीत दोन शंकूंमध्ये दोन मीटरच्या आसपास अंतर ठेवायचे आणि त्यांच्यामधून नागमोडी जायचे. येथे वेगापेक्षा लय महत्त्वाची असते. प्रत्येक वळणात शरीराने दाब देऊन वेग निर्माण करायचा असतो, आणि तो निर्माण होतो की नाही हे ट्रकवर अवलंबून असते. पुढचा ट्रक अरुंद, मोठ्या कोनाचा आणि मऊ बुशांचा. मागचाही अरुंद, पण लहान कोनाचा आणि एक पायरी कठीण. मागचा ट्रक थोडाच वळत असल्यामुळे पायाचा दाब बाजूला वाया न जाता बोर्डाला पुढे ढकलतो. मागे फार कडक केले तर बोर्ड घट्ट मांडणीत मागची चाके शंकूंवर ओढतो, फार मऊ केले तर दाब विरून जातो. ही बारीक जुळवाजुळव ताशी पंधरा-वीस किलोमीटर वेगात, पडले तरी गुडघे खरचटण्यापलीकडे फारसे न होता शिकता येते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहून ठेवावी. दोन बुश आणि पाचर एकदम बदलणाऱ्याला सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

मऊ बुश आणि मोठी चाके एकत्र आली की आणखी एक धोका असतो. पूर्ण झुकल्यावर ७० मिलिमीटरचे चाक फळीला घासते, ते जागीच थांबते आणि स्वार पुढे फेकला जातो. बोर्डावर उभे राहून दोन्ही बाजूंना पूर्ण झुकून हे आधीच तपासावे आणि चाक टेकत असेल तर फळी आणि बेसप्लेट यांच्यामध्ये उंची देणारा पॅड घालावा.

आपल्या हवेचा विचार परदेशी सल्ल्यांत सापडत नाही. युरेथेन उष्णतेने मऊ होते. डिसेंबरात परभणीच्या पहाटेच्या थंडीत जुळवलेला ट्रक मे महिन्याच्या चाळीस-बेचाळीस अंशांत, तापलेल्या डांबरावर, सैल झाल्यासारखा वागतो. मुले पुन्हा नट आवळतात आणि पुन्हा तेच दुष्टचक्र सुरू होते. उन्हाळ्यासाठी एक पायरी कठीण बुशांचा वेगळा संच ठेवावा, हे त्यावर साधे उत्तर आहे. आपली धूळही कमी नाही. बेसप्लेटमध्ये ज्या प्लास्टिकच्या वाटीत हँगरचे टोक बसते, ती वाटी धुळीने झिजते आणि हँगरला खेळ येतो. चाक धरून हलवल्यावर टकटक जाणवली तर वाटी बदलावी, बुश बदलून तो खेळ जात नाही.

दरी आणि घाटांबद्दल दोन शब्द. कन्नडचा औट्रम घाट किंवा बीडजवळचा मांजरसुंबा घाट ही वाहनांच्या वर्दळीची वाट आहे आणि दौलताबादच्या घाटात तर रस्ता जुन्या कमानीतून जातो. वाहतूक चालू असताना तेथे उतरणे हा खेळ नव्हे, आणि त्याबाबतीत मी त्या पालकांच्या बाजूचा आहे. परंतु शैक्षणिक संस्थांच्या आवारातला एखादा हलका अंतर्गत उतार रविवारी सकाळी दोन तास वाहनांना बंद ठेवणे अशक्य नाही. हेल्मेट आणि हातमोजे सक्तीचे करून तेथे शंकू मांडू द्यावेत.

विक्रेत्यांना एकच विनंती आहे. खोक्यावर रंग आणि चित्र छापता, तसे बेसप्लेटचा कोन, हँगरची रुंदी आणि बुशचा कठीणपणाही छापा, आणि बोर्ड कसरतींचा आहे की उताराचा, हे गिऱ्हाइकाला सांगा. पालकांनी दुकानात हेच विचारावे. किंगपिन तुटली म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून मिळेल तो १० मिलिमीटरचा बोल्ट आणून घालणाऱ्यांनाही येथेच सांगतो : बहुतेक ट्रकची किंगपिन इंची मापाची, ३/८ इंचाची आणि बारीक आट्यांची असते, तिला मिलिमीटरचा नट बसत नाही, आणि बदली बोल्टाच्या डोक्यावर ग्रेड ८ दाखवणाऱ्या सहा रेघा असाव्यात. तिच्या नटाला ९/१६ इंचाचा पाना लागतो. १४ चा पाना शिरत नाही, आणि १५ चा लावला तर नटाचे कोपरे गोल होतात.

आपला,
एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर