जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आजीचा जुना व्हॅक्यूम क्लीनर काल पुन्हा सुरू झाला. त्याबद्दल आपले आभार मानावेत आणि आपण शिकवलेले इतरांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे.

मोटर उघडली तेव्हा आत कार्बनच्या काळ्या भुकटीचा थर होता आणि पंख्याचा नट काही केल्या हलत नव्हता. मी हातोडी उचलणार, इतक्यात आपण फोनवर सांगितले की, आटे उलटे असतील, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून पाहा. आणि नट सुटला. पंखा काढण्याआधी त्यावर व शाफ्टवर खुणेची रेघ ओढण्याचा आपला आग्रह मला तेव्हा अनावश्यक वाटला होता, परंतु मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेणाऱ्या मोटरमध्ये तोल किंचित ढळला तरी बेअरिंगवर ताण येतो, हे कळल्यावर तो पटला.

आपले सर्वांत मोठे ऋण आहे ते वायंडिंगबद्दल, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांबद्दल. कम्युटेटरसाठी (तांब्याच्या पट्ट्यांच्या फिरत्या कड्यासाठी) आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपूर्ण आर्मेचरच (वायंडिंगसह मोटरचा सगळा फिरता भागच) पुसून काढण्याचे मी ठरवले होते. जुन्या वायंडिंगवर पुष्कळदा लाखेचा वीजरोधक लेप असतो आणि तो अल्कोहोलमध्ये विरघळतो, हे आपण वेळीच सांगितले नसते, तर स्वच्छतेच्या नादात मी मोटर कायमची गमावली असती. त्यामुळे वायंडिंग कोरड्या, मऊ ब्रशनेच झाडले आणि अल्कोहोल फक्त कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, तेही कापडाला लावून, वापरले.

मोटरमध्ये उडणाऱ्या ठिणग्यांचे मूळ त्या पट्ट्यांमधल्या खाचांत होते. तेथे साचलेला कार्बन वीज वाहून नेत असल्याने शेजारच्या पट्ट्या एकमेकींशी जोडल्या जात होत्या. टोकदार लाकडी काडीने एकेक खाच मोकळी करण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, पण त्या कामातच मला मोटर खऱ्या अर्थाने समजली. एमरी कापडाचे कण वीजवाहक असू शकतात, म्हणून बारीक काचकागदच वापरावा, ही आपली सूचनाही मी पाळली.

कार्बन ब्रश (कम्युटेटरला टेकून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) ज्या बाजूचे त्याच बाजूला आणि त्याच दिशेने बसवले, कारण त्यांची टोके कम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे झिजलेली असतात. जुनी रबरी वायर तडकलेली होती, ती बदलली. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने (वीजरोधन तपासणाऱ्या उपकरणाने) वायंडिंग आणि बॉडी यांमधील रोध तपासला. तो आपण सांगितलेल्या १ मेगाओहमच्या किमान मर्यादेपेक्षा बराच अधिक भरला, तेव्हाच प्लग लावला.

आता ठिणगी दिसते ती कार्बन ब्रशच्या टोकाशी, बारीक आणि निळसर. एका बाजूच्या ब्रशची स्प्रिंग मात्र मला अजून सैल वाटते. ती घेऊन येत्या रविवारी आपल्याकडे येईन.

आपला कृतज्ञ,
आजीच्या यंत्राचा सांभाळ करणारा नातू